गुण आला, पण किती?

कुष्ठरोगाच्या उपचारांचा सलग इतिहास वर्धा जिल्ह्याइतका फार थोड्या जिल्ह्यांना असेल. म्हणून एक प्रश्न इथे नीट तपासता येतो. औषधाने रोग्याचे किती भले झाले, हे आपण कशावरून ठरवत आलो?

१९३६ मध्ये मनोहरजी दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले, तेव्हा हाताशी होते चालमोगऱ्याचे तेल. त्याच्या गुणाबद्दल एकमत नव्हते. पुढे कुष्ठरोग झालेले परचुरे शास्त्री सेवाग्रामला गांधीजींच्या आश्रमात आले आणि गांधीजी त्यांना स्वतः मालीश करू लागले. त्या मालिशीने जंतू मेले नसतील. पण एक वाळीत पडलेला माणूस माणसांत राहिला. हा फायदा तक्त्यात भरला गेला नाही, कारण त्याच्यासाठी रकानाच नव्हता.

मग डॅप्सोन हे औषध आले. १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन झाले. डॉ. वारदेकरांनी घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार यांची जोड घातली. आता मोजायला काहीतरी ठोस मिळाले. कानाच्या पाळीला बारीक छेद द्यायचा, काचपट्टीवर नमुना घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली जंतू मोजायचे. आकडा उतरला की गुण आला. डॉक्टरांच्या दृष्टीने हे फार मोठे पाऊल होते, आणि खरोखरच होते. मात्र बोट वाकडेच राहिलेल्या बाईला काचपट्टी स्वच्छ निघाल्याचा आनंद कितपत झाला असेल?

डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले, तेव्हा १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. देशात हा बहुऔषधोपचार आधी सुरू झाला त्या जिल्ह्यांत वर्धा होता. औषध उत्तमच होते. पण मोजण्याची पट्टीही त्याच सुमारास बदलली, आणि त्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. आता फायदा नोंदवहीवरून ठरू लागला. डॅप्सोनवर माणूस वर्षानुवर्षे यादीत राहायचा. नव्या पद्धतीत कोर्स पुरा झाला की नाव कमी. त्या दशकाच्या सुरुवातीला देशात दर दहा हजारांमागे ५७ च्या आसपास असलेले रुग्ण २००५ च्या अखेरीस एकच्या खाली आले आणि ‘निर्मूलन’ जाहीर झाले. यात औषधाचा वाटा मोठाच. पण जास्त जंतू असलेल्यांचा कोर्स मध्येच २४ महिन्यांवरून १२ वर आणला गेला. नवे रुग्ण तितकेच राहिले तरी अशाने त्यांची यादी निम्मी होते. हे गणित सातवीतल्या पोरालाही जमेल.

नाव यादीतून गेले तरी मज्जातंतू परत येत नाही. कारंजा (घाडगे) परिसरात संत्र्याच्या बागेत राबणाऱ्याचा तळहात बधिर असेल, तर काटा रुतल्याचे, चुलीचा चटका बसल्याचे त्याला रक्त किंवा फोड दिसेपर्यंत कळत नाही. म्हणून पुढे नवे मोजमाप आले: नव्या रुग्णांपैकी कितीजण डोळ्यांना दिसणारी विकृती घेऊनच दवाखान्यात येतात? माझ्या मते आजवरच्या सगळ्या पट्ट्यांत हीच सर्वांत प्रामाणिक, कारण ती उशिराचा हिशेब मागते.

दुसरा धागा प्रतिबंधाचा. बांगलादेशात रुग्णांच्या सहवासातल्या लोकांना रिफाम्पिसिनचा एकच डोस दिला. दोन वर्षांत नवे रुग्ण ५७ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास २००८ मध्ये छापून आला. त्यातलाच दुसरा आकडा असा की एकाचा रोग टाळायला सुमारे ३०० जणांना औषध द्यावे लागते. दोन्ही खरे. पहिला ऐकून अधिकारी मान डोलावतात, दुसरा ऐकून ‘मला कशाला?’ असे शेजारी विचारणार. गोळी घेणाऱ्याला खरे तर दुसराच आधी सांगायला हवा.

अलीकडे रोग्यालाच विचारणारी प्रश्नावली आली आहे; ती भारतातही तपासली गेली. तुमच्यासारख्या इतरांइतकीच कामाची संधी तुम्हाला मिळते का? सण-समारंभात त्यांच्याइतकेच जाता का? परचुरे शास्त्रींच्या वेळी नसलेला रकाना अखेर आखला गेला. त्यातही एक खोच आहे. तुलना ‘तुमच्यासारख्या’ माणसाशी. शेतमजुराची तुलना शेतमजुराशीच. बहार संपल्यावर दोघेही कामावाचून बसलेले असले, तर प्रश्नावलीत उत्तर येते: अडचण नाही.