छापील किंमत आणि न्याय्य किंमत

बरकतपुऱ्यातील आमच्या घरी, जेवणाच्या मेजावर, गेले काही महिने दर रविवारी दुपारी आकाशयुद्ध होते. इंटरला असलेला माझा नातू आणि त्याचे तीन मित्र मेजावर काळे कापड अंथरतात, त्यावर बोटाच्या पेराएवढी अवकाशयाने मांडतात, पट्टीने अंतरे मोजतात, फासे टाकतात आणि एकमेकांची आरमारे बुडवितात. आकाशात आरमार ‘बुडते’ कसे, हे मी विचारू नये, अशी समज मला पहिल्याच दिवशी देण्यात आली.

तो शब्द तसा अगदीच अनाठायी नाही. १८९८ साली फ्रेड जेन या इंग्रज लेखकाने खऱ्या युद्धनौकांच्या छोट्या प्रतिकृती घेऊन खेळावयाचा आरमारी खेळ प्रसिद्ध केला. त्याच वर्षी एच. जी. वेल्स यांची मंगळवासीयांच्या स्वारीवरील कादंबरी पुस्तकरूपाने आली, आणि याच वेल्स यांनी १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांची लढाई कशी खेळावी याचे नियम ‘लिटल वॉर्स’ या छोटेखानी पुस्तकात दिले. जेन यांची नौका पुढे वेल्स यांच्या आकाशात शिरली. तिचेच वंशज आज आमच्या मेजावर उतरले आहेत.

मागील महिन्यात नातवाने मला पेचात टाकले. त्याला नवे आरमार हवे होते आणि त्याच्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, विलायती कंपनीची पेटी घेण्याची. ती साडेचार हजार रुपयांना पडत होती. दुसरी, एका स्वतंत्र रचनाकाराने स्वतःच्या कल्पनेने रेखलेल्या यानांची संगणकीय फाईल आठशे रुपयांना घेऊन ती मित्राच्या थ्री-डी प्रिंटरवर काढण्याची. तिसरी, मित्राकडे असलेल्या पेटीतील यानेच स्कॅन करून त्यांच्या हुबेहूब नकला काढण्याची. तिला खर्च केवळ रेझिनचा, फार तर दोनशे रुपये.

“आजोबा, तुमचा जन्म वजनमापांत गेला. दोनशेच्या मालाला साडेचार हजार, ही लूट नाही का? आणि तिसऱ्या वाटेनं गेलो तर मी नेमकं कोणाचं काय चोरतो? ज्याची पेटी आहे ती त्याच्याकडेच राहते की!”

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. १९८३ पासून २०१७ पर्यंत मी वजनमापे खात्यात होतो. १९७७ च्या नियमांत १९९० साली दुरुस्ती झाली आणि बंद पाकिटावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक झाले. पुढे २००९ चा नवा कायदा २०११ पासून अमलात आला. छापील किमतीहून एक रुपया अधिक घेणाऱ्या दुकानदारांवर मी खटले भरले. परंतु ती छापलेली किंमत मुळात रास्त आहे काय, हे विचारण्याचा अधिकार मला कोणत्याही नियमाने दिलेला नव्हता. चौतीस वर्षे मी किमतीचा पहारेकरी होतो. न्यायाधीश कधीच नव्हतो.

आमच्या खात्याचा मूळ पुरुष म्हणजे कौटिल्याचा पौतवाध्यक्ष. कौटिल्याने मात्र किमतीचाही विचार केला होता. अनुमत खरेदीदरावर व्यापाऱ्याने स्वदेशी मालास शेकडा पाच आणि परदेशी मालास शेकडा दहा नफा घ्यावा, असे त्याने घालून दिले आहे. मी त्याच पद्धतीने नातवाच्या पेटीचा हिशेब मांडून पाहिला. मूळ आकृती घडविणाऱ्याचे वेतन. पोलादी साचा, ज्याचा खर्च एक नग काढा की लाख काढा, आधीच करावा लागतो. जहाज, दलाल, दुकान. त्यात आपल्याकडे खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ साली ७० वर गेले. इतके धरूनही रक्कम पुरी भरेना. जे उरले ते कल्पनेचे मोल म्हणावे लागेल. जेन यांच्या नौकेला समुद्रावर मूळ होते. कोणीही ते पाहावे आणि तशी नौका घडवावी. अवकाशयानाला असे मूळच नाही. ते एका माणसाच्या डोक्यातून थेट मेजावर आले. तेथे रेझिनचा भाव विचारणे म्हणजे पुस्तकाची किंमत रद्दीच्या दराने करणे होय.

हे उत्तर नातवाला ऐकविणार, तोच माझे लक्ष शोकेसमधील लाकडी हरणांच्या जोडीकडे गेले, आणि मी थांबलो.

ती हरणे निर्मलची आहेत. १९८७ साली मी आदिलाबाद जिल्ह्यात निरीक्षक होतो. तपासणीनिमित्त निर्मलला गेलो असता एका नक्काश कारागिराच्या ओसरीवर बसून त्याचे काम पाहिले. पोनिकीचे हलके लाकूड, लाकडाचा भुसा आणि चिंचोक्याची खळ यांतून तो हरणाचे कान घडवीत होता. या मुलाच्या वडिलांसाठी, ते तेव्हा तीन वर्षांचे होते, मी एक जोडी उचलली. त्याने चाळीस रुपये सांगितले. मी पंचवीस म्हटले. तो काही बोलणार होता, एवढ्यात माझ्याबरोबरचा शिपाई सहज म्हणाला, “साहेब वजनमापे खात्याचे आहेत.” कारागिराने हरणे कागदात गुंडाळली आणि म्हणाला, “आपली मर्जी, साहेब.” घासाघीस जिंकल्याच्या आनंदात मी घरी आलो. ती घासाघीस नव्हतीच, हे समजावयास मला फार वर्षे लागली. शिपायाला मी गप्प केले नाही. ते पंधरा रुपये मी नव्हे, माझ्या पदाने काढून घेतले होते.

येथे मला माझ्यापुरते उत्तर सापडले. किमतीचा न्याय आकड्यात नसतो. देणारा आणि घेणारा या दोघांनाही निर्भयपणे ‘नाही’ म्हणता येते की नाही, यात तो असतो. तांदळाला किंवा औषधाला गरजू माणूस ‘नको’ म्हणू शकत नाही. म्हणून तेथे शासनाने हात घालणे योग्य. अवकाशयान न घेतल्याने कोणी उपाशी राहत नाही. तेव्हा साडेचार हजार ही किंमत महाग असेल, पण तिला लूट म्हणता येत नाही. तिसऱ्या वाटेने मात्र रचनाकाराचा ‘नाही’ त्याला न विचारताच पुसला जातो. त्या कारागिरापुढे मी अधिकार आणून ठेवला होता. नातू यंत्र आणू पाहत होता. समोरच्याचा नकार निकामी करणे, एवढे दोहोंत सारखेच.

मी हे सारे, हरणांच्या हकिकतीसह, त्याला सांगितले. त्यावर त्याची शंका तयार होती. ‘बॅटलफ्लीट गॉथिक’ हा अवकाशी आरमारांचा खेळ १९९९ साली आला आणि पुढे कंपनीने त्याची विक्री थांबविली. जी याने आज कोणी विकतच नाही, त्यांची नक्कल केली तर कोणाचा नकार पुसला जातो? कायद्याचे उत्तर कडक आहे, कारण विक्री थांबली म्हणून हक्क संपत नाही. परंतु घरच्या मेजापुरती नक्कल आणि विकण्यासाठी काढलेली नक्कल यांना एकाच तागडीत घालावयास माझे मन तयार होत नाही. तेथे माझे माप अपुरे पडते, हे मी त्याच्याजवळ कबूल केले.

त्याने दुसरी वाट धरली. फाईलचे आठशे रुपये चौघांनी वर्गणी काढून भरले.

या जानेवारीत नामपल्लीच्या नुमाइशमध्ये आम्ही दोघे गेलो होतो. निर्मलच्या खेळण्यांच्या दुकानी मी एक पोपट घेतला आणि सांगितलेले पैसे मुकाट्याने मोजले. बाहेर आल्यावर नातू म्हणाला, “पण आजोबा, ते पंधरा रुपये यांचे नव्हते.”

नव्हतेच. ज्याचे होते त्याचे नावही मी त्या दिवशी विचारले नव्हते. घरी आल्यावर पोपट मी हरणांशेजारी ठेवला नाही. नातवाच्या टेबलावर ठेवला.