चाळिशीतलं लर्निंग

आमच्या भोकरकडे गाडी कोणी रीतसर शिकत नाही, ती आपोआप येते. पोरगं आधी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून नांगरटीला जातं आणि दोन हंगामांत स्टिअरिंग त्याच्याच हातात असतं. मग बापाची मोटरसायकल, पुढे मामाची जीप. लायसनची आठवण होते ती पोलीस दिसल्यावर. आरटीओ ऑफिस पडलं पन्नासेक किलोमीटरवर, नांदेडला. मग "काढू की कधीतरी, काय घाई हाय?" म्हणता म्हणता माणूस चाळिशीला टेकतो.

पुढं लेकरांच्या शिक्षणापायी किंवा कंपनीतल्या नोकरीपायी बिऱ्हाड पुण्याला जातं. वाघोली, हडपसर, चाकण, कुठंही बघा, नांदेड-लातूरची माणसं भेटतात. तिथं मात्र कागद लागतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना गाडी चालवायचा दंड ५,००० रुपये झाला आहे. शिवाय कंपनीच्या गेटवरही आधी लायसन विचारतात. म्हणून वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस १८ वर्षांच्या पोरांबरोबर लर्निंगला बसतो. चाळिशी ओलांडली म्हणून त्याला डॉक्टरचा दाखला जास्तीचा जोडावा लागतो, एवढाच फरक.

त्याची बायकोही त्याच रांगेत असते, आणि खरं तर मला तिचंच कौतुक जास्त आहे. गावात तिच्या हातात कोणी हँडल दिलं नाही. "तुम्हाला कुठं जायचंय, मी सोडतो की," म्हणणारे दीर-पुतणे घरात होते. पुण्यात सोडायला कोणी नाही. शाळा एकीकडे, क्लास दुसरीकडे, नवरा शिफ्टमध्ये. ती स्कूटी शिकायचं ठरवते. तिला काहीच येत नसतं, म्हणून ती नियमांचं पुस्तक खरोखर वाचते. नवरा ते उघडतसुद्धा नाही.

लर्निंगची परीक्षा म्हणजे कॉम्प्युटरवरचे सोपे प्रश्न, ६० टक्के बरोबर आले की पास. लोक तिला किरकोळ समजतात. मला त्यातले काही प्रश्न फार आवडतात. एक विचारतो, फाटकवाला नसलेलं रेल्वे क्रॉसिंग आलं तर काय कराल? अपेक्षित उत्तर असं की गाडी डावीकडे थांबवायची, खाली उतरायचं, रुळाजवळ जाऊन दोन्हीकडे बघायचं, मगच पुढे निघायचं. पुण्यात वाढलेलं पोरगं हे पाठ करतं. आमच्याकडच्या मुदखेड-आदिलाबाद लाईनच्या आसपास वाढलेल्याला पाठ करायची गरज नाही, त्याच्या घरच्यांनी बैलगाडी थांबवून हेच केलेलं असतं. (ब्रॉडगेजवरची अशी बिनफाटकवाल्याची क्रॉसिंगं रेल्वेनं जानेवारी २०१९ अखेर संपवली. प्रश्न मात्र अजून शाबूत आहे!) दुसरा प्रश्न अरुंद पुलाचा: समोरचा आधी पुलावर चढत असेल तर त्याला जाऊ द्यायचं. हेही गावच्या नाल्यावर सगळ्यांना कळतं. तिसऱ्या प्रश्नापाशी मी नेहमी थांबतो. हातात पांढरी काठी घेतलेला माणूस रस्ता ओलांडतो आहे, काय कराल? ती काठी हीच वाहतुकीची खूण मानायची आणि गाडी थांबवायची.

भोकरच्या बाजारात अशा माणसासाठी गाडी थांबतेच, कारण तो कोणाचा तरी काका असतो. "अरे थांब, अमक्याचा बाप चालला," म्हणून ब्रेक लागतो. ओळख असेपर्यंत हे छान चालतं. मोठ्या शहरात समोरून येणारा कोणाचा कोण, हे कोणालाच माहीत नसतं. मग ओळखीचं काम नियमाला करावं लागतं. झेब्रा क्रॉसिंगवर उभी असलेली म्हातारी आपल्या गावची नाही, तिचं नाव माहीत नाही, तरी तिचा हक्क आपल्या आधी आहे. चाळिशीतल्या माणसाला गिअर आणि क्लच शिकवायला नको, हे मान्य करायला शिकवावं लागतं. आणि वीस वर्षं आपल्याला सगळं येतं असं वाटलेल्याला ते जड जातं.

म्हणून कायद्यानं मधे जी मुदत ठेवली आहे ती मला शहाणपणाची वाटते. लर्निंग सहा महिने चालतं आणि ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसनची चाचणी देता येत नाही. या काळात गाडीवर पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लावायचा असतो आणि शेजारी लायसन असलेला, शिकवणारा माणूस बसवायचा असतो. दुचाकीला तर मागे बायको-पोरांनाही बसवता येत नाही, बसलाच तर लायसनवाला शिकवणाराच. हा नियम किती जणांनी पाळलेला पाहिलाय? बहुतेकांच्या लेखी ते ३० दिवस म्हणजे नुसती तारीख पडायची वाट. चाळीस वर्षांच्या माणसाला पाठीवर 'एल' मिरवायची लाज वाटते, आणि शेजारी बसून "दादा, आरशात बघा" म्हणणारं पोरगं त्याच्या निम्म्या वयाचं असतं. ही लाज गिळली तर बरंच काही शिकून होतं.

जून २०२१ पासून महाराष्ट्रात आधारच्या आधारे घरबसल्या लर्निंग काढता येतं. २०१९ च्या दुरुस्तीनं राज्यातल्या कुठल्याही परिवहन कार्यालयात अर्ज करायची मुभाही दिली आहे. तालुक्याच्या माणसाची नांदेडची खेप वाचली, मजुरी वाचली, एजंटचे पैसेही वाचले. सोय उत्तमच. पण घरोघरी काय चालतं ते आपल्याला माहीत आहे. आई कॅमेऱ्यासमोर बसते आणि कडेला बसलेला लेक उत्तरं दाबतो. पाच मिनिटांत पास! पांढऱ्या काठीचा प्रश्न तिनं वाचलेलासुद्धा नसतो, आणि दुसऱ्या दिवशी स्कूटी घेऊन रस्त्यावर तीच जाणार असते.

तेव्हा लेकरांनो, अर्ज तुम्ही भरा, फोटो तुम्ही चढवा, पैसे तुम्ही भरा. परीक्षा आईला देऊ द्या. नापास झाली तर ५० रुपये भरून पुन्हा देता येते.