विसार आणि अनामत

‘आगाऊ रक्कम परत मिळणार नाही.’ कोकणात किनाऱ्यालगत चार-पाच खोल्या भाड्यानं देणाऱ्या घरांत हे वाक्य आता ‘घरगुती जेवणाची सोय’ या पाटीइतकंच सरावाचं झालं आहे. हल्ली ते भिंतीवर नसतं. खोली ठरवली की व्हॉट्सअॅपवर क्यूआर कोडच्या खाली येतं. पाहुणा पैसे पाठवतो, ‘मिळाले’ असं उत्तर येतं, आणि ते पैसे आता नेमके कोणाचे, हे कोणी विचारत नाही.

भाषांतर करणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही, कारण मराठीत या रकमेला दोन नावं आहेत आणि दोन्हींचे अर्थ वेगळे आहेत. विसार म्हणजे व्यवहार पक्का झाल्याची खूण. अनामत म्हणजे विश्वासानं दुसऱ्याच्या हाती ठेवलेली वस्तू. ती राहते ठेवणाऱ्याचीच. (हिंदीत निवडणुकीतल्या उमेदवाराची ‘जमानत’ जप्त होते, मराठीत ‘अनामत’. ‘अमानत जप्त’ हे हिंदी-उर्दूच्या कानाला विचित्र वाटेल. आपल्याला वाटत नाही, हे काही फार चांगलं लक्षण नव्हे.) धर्मशास्त्रानंही हा भेद पाळला होता. मनूच्या अठरा व्यवहारपदांत ‘निक्षेप’ स्वतंत्र आहे, तर विसारासाठी याज्ञवल्क्यस्मृतीत ‘सत्यंकार’ असा शब्द येतो. शब्द खरा करणारं द्रव्य. घेणाऱ्यानंच शब्द मोडला तर त्यानं ते दुप्पट परत करावं, असा त्याचा अर्थ मिताक्षरेनं लावला आहे. आजचा खोलीवाला ऐनवेळी ‘पाणी नाही, येऊ नका’ म्हणतो तेव्हा घेतले तेवढेच पैसे परत करतो आणि त्यालाच सचोटी समजतो.

पण खोलीवाल्याची बाजू लंगडी नाही. खोली नाशवंत असते. आज न विकलेला नारळ उद्या विकता येतो. पंचवीस डिसेंबरची रात्र सव्वीसला विकता येत नाही. वर्षातले मोजके आठवडे कमाईचे, बाकी पावसाळा आणि शुकशुकाट. चार खोल्यांपैकी दोन ऐनवेळी रिकाम्या राहिल्या तर त्या रात्रीची निम्मी कमाई बुडाली. मोठं हॉटेल हे पचवतं, हे घर पचवू शकत नाही.

मग बहुतेक खोलीवाले मधला मार्ग काढतात: कारण ऐकायचं. घरात कोणी गेलं, मूल आजारी पडलं, तर पैसे परत. हे माणुसकीचं दिसतं, पण मला त्यात अन्याय वाटतो. ज्याला आपलं दुःख फोनवर नीट सांगता येतं त्याला पैसे मिळतात. जो ‘काही अडचण आली’ एवढंच म्हणून गप्प बसतो तो विसार गमावतो. शिवाय कारण ऐकलं की पुरावा मागावासा वाटतो, आणि सुतकात असलेल्या माणसाकडे मृत्यूचा दाखला मागणं ही पैशांपेक्षा मोठी वसुली झाली.

विचारायचं ते पाहुण्याला नव्हे, खोलीला. त्या रात्री तिचं काय झालं? रिकामी राहिली असेल तर नुकसान खरं आणि त्यापुरता विसार ठेवणंही रास्त. दुसऱ्या कोणाला दिली असेल तर एकाच रात्रीचे दोनदा पैसे घेतले.

कायद्याची वृत्तीही याच्या जवळची आहे. 1872 च्या करार कायद्याचं 74 वं कलम कराराच्या भंगाबद्दल वाजवी भरपाई देतं, करारात लिहिलेली रक्कम ही फक्त तिची कमाल मर्यादा. मौला बक्ष नावाच्या कंत्राटदारानं लष्कराला बटाटे, अंडी, मासे, कोंबड्या पुरवायचं कबूल करून त्यासाठी 10,000 आणि 8,500 रुपये अनामत ठेवले होते. पुरवठा कमी पडला आणि सरकारनं दोन्ही रकमा जप्त केल्या. 1969 साली सर्वोच्च न्यायालयानं त्या परत करायला लावल्या: हा विसार नव्हे, अनामत आहे, आणि माल दुसरीकडून घेताना नुकसान झालं असेल तर ते दाखवता आलं असतं, सरकारनं दाखवलं नाही. वाजवी विसार जप्त करायला मात्र त्याच निकालानं आडकाठी केली नाही. म्हणजे सगळा खटला शेवटी पैशांना कोणतं नाव द्यायचं यावर येऊन ठेपला.

तीन हजारांसाठी मुंबईहून गुहागरच्या कोर्टात कोणी जात नाही, ही गोष्ट वेगळी. आणि गेला तरी काय सिद्ध करणार? खोली पुन्हा गेली की नाही, हे एका खोलीवाल्यालाच ठाऊक असतं. पाहुणा शंभर-दोनशे किलोमीटर लांब बसलेला. त्यानं पाठवलेले पैसे विसार असतील, पण त्या खोलीचं खरं काय झालं ही माहिती खोलीवाल्याकडे अनामतच आहे. म्हणून ‘परत मिळणार नाही’ या वाक्यावर माझा आक्षेप आहे. पैसे गेल्याचा नव्हे. खोली रिकामी राहण्याआधीच ती रिकामी राहिली असं ते धरून चालतं. उलट ‘खोली दुसऱ्यांना गेली तर पैसे परत’ असं लिहिणाऱ्याला त्या रात्रीनंतर एक फोन करावा लागतो, ज्यानं आशा सोडली आहे अशा माणसाला, आणि तो फोन केला नाही तरी कोणाला कळणार नसतं.