स्तंभ आणि माणूस

१ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी भीमा कोरेगावच्या स्तंभास अभिवादन केले. आज नांदेड-लातूरहूनही आपण तेथे जातो. १८१८ च्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची नावे त्यावर कोरली आहेत. परंतु १८९२ च्या सुमारास त्याच इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. दगडाला मान, माणसाला नकार! पेन्शनीत निघालेला सुभेदारही गावात अस्पृश्यच राहिला.

मग खरा सन्मान कोणता? कृतज्ञता हे तथागतांनी सांगितलेले मंगल आहे. ती युद्धाचे गोडवे गात नाही. माणसाची विचारपूस करते. आपल्या वस्तीतील सैनिकाच्या विधवेची पेन्शन अडली असेल, तर तिच्यासोबत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. स्तंभाला वंदन वर्षातून एकदा. हे काम मात्र रोजचे आहे.