खालचा बाण



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १५. विषय वाणीचं तप. ज्या बोलण्याने कुणाचं मन ढवळून निघत नाही, जे खरं असतं, ऐकायला बरं वाटतं आणि ऐकणाऱ्याच्या हिताचंही असतं, असं बोलणं आणि जोडीला स्वाध्याय, याला भगवंत वाणीचं तप म्हणतात.

श्लोक पाठ आहे, कित्येकदा म्हटलाय. पण या आठवड्यात तो एका भलत्याच प्रश्नापाशी अडकला. डाउनव्होट देणं हे बोलणं धरायचं का?

सांगते काय झालं. मी ज्या चर्चेच्या ठिकाणी रोज डोकावते (नाव राहू दे), तिथे एका मुलाने विचारलं होतं की नाइट शिफ्ट असते, रात्री दोनला भूक लागते, मग एकादशी मोडली असं समजायचं का? हा प्रश्न तिथे दर महिन्याला येतो. मी लोकलमध्ये उभी, एक हात वरच्या कडीला. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खालचा बाण दाबला आणि पुढे सरकले. अर्धा सेकंदसुद्धा लागला नसेल. रात्री पाहिलं तर प्रश्न वजा चौदावर, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं, ‘आधी शोधायला शिक.’

दोन दिवसांनी तोच मुलगा सगळीकडे दिसायला लागला. कुणाच्या नैवेद्याच्या फोटोवर टोमणा, कुणाच्या प्रश्नाला ‘एवढंही कळत नाही?’ मी मनात म्हटलं, बघा, होताच तसला!

होता का पण?

२०१४ साली जस्टिन चेंग, क्रिस्टियन डानेस्कू-निकुलेस्कू-मिझिल आणि युरे लेस्कोव्हेक या तिघांनी नेमकं हेच तपासलं होतं. सीएनएन, ब्रेटबार्ट, आयजीएन आणि ऑलकेपॉप या चार साइट्सवरच्या प्रतिक्रिया त्यांनी घेतल्या. म्हणजे बातम्या, राजकारण, गेम्स आणि कोरियन पॉप, सगळी वेगवेगळी माणसं. साधारण सारख्याच दर्जाचं लिहिणाऱ्यांच्या जोड्या लावल्या, एकाला बरी मतं मिळालेली, दुसऱ्याला वाईट, आणि मग पाहिलं की दोघं पुढे काय करतात. आपल्याला वाटतं, खाली ढकललेला माणूस गप्प बसेल किंवा सुधारेल. झालं उलटंच. तो जास्त लिहायला लागला, त्याच्या लिहिण्याचा दर्जा घसरला, आणि तो स्वतः इतरांना जास्त वाईट मतं द्यायला लागला. कौतुक झालेला? त्याच्यात विशेष फरक नाही. तो ना जास्त लिहायला लागला, ना चांगलं. आणि ज्यांना कुणी काहीच मत दिलं नाही, ना वर ना खाली, तेच सगळ्यात जास्त सोडून गेले.

हे वाचलं आणि मला गेल्या वर्षीची मी आठवले. एका अभंगाच्या अर्थावरून मी घाईत काहीतरी लिहिलं होतं, वजा अकरा झाले. चूक माझीच होती. पण पुढचे तीन-चार दिवस मी काय केलं? नामस्मरण नाही केलं. दिसेल त्याला खालचा बाण दिला, लोकांच्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, आणि स्वतःला सांगितलं की मी दर्जा राखतेय. गंमत म्हणजे रेडिटवर या मिळालेल्या मतांच्या हिशेबाला ‘कर्म’ म्हणतात. आपलाच शब्द, पण तिथे त्याचा अर्थ नेमका फळ असा झालाय.

अशा वेळी आपण भक्तमंडळी बारावा अध्याय काढतो. निंदा आणि स्तुती ज्याला सारखी, तो भगवंताला प्रिय. अगदी खरं. पण हे ज्याला लागलंय त्याने स्वतःला सांगायचं आहे. दगड मारणाऱ्याने ‘समभाव ठेव रे बाबा’ म्हणून पुढे जायचं, हे काही गीतेत नाही. दगड मारणाऱ्यासाठी सतरावा अध्याय आहे.

या श्लोकावर ज्ञानेश्वर माउली परिसाचा दृष्टान्त देतात. परीस लोखंडाचं सोनं करतो, पण ते तोडत नाही, वजनही कमी करत नाही. लगेच पुढे पाण्याचा दृष्टान्त आहे. पाणी सोडलेलं असतं झाडाला, पण वाटेतलं गवतही त्यावर जगतं, तसं एकाला उद्देशून बोललेलं सगळ्यांच्या हिताचं होतं. मी या गवतापाशी बराच वेळ थांबले. कारण बाणाचंही तसंच होतं ना! मी दिला एकाला, आणि तो वाहत गेला त्या नैवेद्याच्या फोटोपर्यंत, ज्या ताईंचा याच्याशी काही संबंध नव्हता.

आता कुणी म्हणेल, मग काय सगळ्यांनाच गोड बोलायचं? नाही. फसव्या जाहिराती, ‘ही मुळी खा, शुगर बरी होईल’ असले सल्ले, यांना खाली ढकललंच पाहिजे, तेही पटकन. तिथे बाण उपयोगाचा आहे. शिवाय नुसत्या कौतुकाने कुणी चांगलं लिहायला लागत नाही, हे वर आलंच. श्लोकातही ‘हित’ वेगळं सांगितलंय. स्टॅक ओव्हरफ्लोवर कुणाच्या उत्तराला खालचं मत दिलं तर त्याचे दोन गुण जातात आणि देणाऱ्याचाही एक जातो. मला हे फार आवडतं. पदरचं काहीतरी गेलं की माणूस क्षणभर थांबतो. यूट्यूबने २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये डिसलाइकचा आकडा प्रेक्षकांपासून लपवला, झुंडीने येऊन डिसलाइक करणाऱ्यांना आळा बसावा म्हणून. बटण मात्र ठेवलं. आकडा दिसला नाही तरी अंगठा आपलाच असतो.

राहता राहिलं मौन. मला वाटायचं, न आवडलेलं नुसतं सोडून द्यावं, तेच सात्त्विक. पण सगळ्यात जास्त निघून जातात ते ज्यांना कुणी काहीच म्हणत नाही. हे मला बाणापेक्षाही जास्त लागलं.

मग काल रात्री त्या मुलाचा जुना प्रश्न शोधला. माझा बाण काढून घेतला. वजा चौदाचे वजा तेरा झाले, त्याला कळणारही नाही. खाली लिहिलं: ‘आमच्याकडे एकादशीच्या सूर्योदयापासून दुसऱ्या दिवशीच्या पारण्यापर्यंत उपवास धरतात. फराळाचं चालतं, त्यामुळे रात्री दोनला केळं-दूध घेतलंत म्हणून काही मोडत नाही. शिफ्ट सांभाळा, तब्येतही.’ एवढं लिहायला मला वीस मिनिटं लागली, कारण दोनदा टोमणा आला आणि दोनदा खोडला.

सकाळी त्याचं उत्तर आलं होतं. ‘साबुदाणा खिचडी पण चालते ना?’

चालते, म्हणून कळवलंय. माझ्या उत्तराला सध्या वजा दोन आहेत, आणि सकाळपासून मी तो आकडा चारदा पाहून आले.