फुकटचं एस्टिमेट

फ्रिस्कोत दोन-चार उन्हाळे काढलेल्या माणसाला 'फ्री एस्टिमेट' म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. मार्च-एप्रिलमधल्या एखाद्या संध्याकाळी आभाळ भरून येतं, लिंबाएवढ्या गारा पडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून दारावरची बेल वाजायला लागते. अंगात कंपनीच्या नावाचा टी-शर्ट, ट्रकवर शिडी आणि तोंडी एकच वाक्य, "तुमचं छप्पर फुकट तपासून देतो." आजवर आमच्या छपरावर चढलेल्यांपैकी "ठीक आहे, काही करू नका" असं सांगून गेलेला माणूस एकच. आमच्या सौ.चं मत असं की तो नोकरीवर नवीन असणार. काही ठेकेदार तर "तुमचं डिडक्टिबल आम्ही सोडून देतो" असंही सांगायचे. टेक्ससने २०१९ साली कायदा करून त्याला बंदी घातली.

पण आज मला लिहायचंय ते छपराबद्दल नाही, मोटरसायकलबद्दल. माझ्या मावसभावाचा मुलगा इथे जवळच रिचर्डसनला एम.एस. करतो. त्याने एक जुनी मोटरसायकल घेतली होती. (घेऊ नकोस असं सगळ्यांनी सांगून झालं होतं, पण विशीतल्या मुलाला सांगून काय उपयोग!) एका पार्किंग लॉटमधून बाहेर पडणाऱ्या गाडीने त्याला कडेने ठोकलं. देवदयेने कोपर खरचटण्यावर निभावलं. चूक समोरच्याची होती, त्यामुळे भरपाई त्याच्या इन्शुरन्सने द्यायची. त्यांनी फोटो मागवले आणि फोटोंवरूनच एक आकडा कळवला. मुलाला तो कमी वाटला, म्हणून तो स्वतः एस्टिमेट घ्यायला निघाला.

पहिल्या दुकानात दहा मिनिटांत फुकट कागद मिळाला. दुसऱ्याने तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. तिसरा म्हणाला, "सव्वाशे डॉलर्स, आधी. उघडून बघावं लागेल." मुलाचा मला फोन, "काका, नुसतं बघायचे सव्वाशे डॉलर्स? हे बरोबर आहे का?"

त्या शनिवारी आमच्याकडे चार मित्र जेवायला होते, त्यांच्यासमोर हा प्रश्न टाकला. श्रीखंड संपलं तरी वाद संपेना. बहुमत मुलाच्या बाजूने होतं. "दुकानात साडी दाखवायचे पैसे घेतात का?" असा बिनतोड मुद्दाही आला. मला मात्र तो तितकासा बिनतोड वाटला नाही.

साडी दिसते, मोटरसायकलचं नुकसान दिसत नाही. पडलेल्या गाडीचं जे डोळ्यांना दिसतं ते बहुतेक प्लॅस्टिक, रंग, आरसा, इंडिकेटर. ते महाग असतं, पण त्यावाचून जीव जात नाही. जीव ज्याच्यावर अवलंबून असतो ते पुढचे फोर्क, हॅन्डल जिथे फिरतं तिथली बेअरिंग आणि मुख्य फ्रेम. फोर्कच्या नळीला आलेला बारीक बाक नुसत्या नजरेला कळत नाही. चाक काढायचं, नळ्या मोकळ्या करायच्या, फिरवून गेजने मोजायच्या, मग एकेका भागाचा नंबर आणि भाव शोधायचा. कुशल कारागिराचा तास-दीड तास त्यात सहज जातो. त्या वेळेत तो दुसऱ्या कुणाची तरी गाडी दुरुस्त करून पैसे मिळवू शकला असता.

मग जिथे एस्टिमेट फुकट मिळतं तिथे हा तास-दीड तास कोण भरतं? एक तर तपासणीच होत नाही, पहिल्या दुकानातल्यासारखी. किंवा ती होते आणि तिचा खर्च प्रत्यक्ष दुरुस्ती करून घेणाऱ्यांच्या बिलात जातो. हा प्रकार माझ्या धंद्यात मी रोज बघतो. कन्सल्टिंग कंपनी पाच ठिकाणी प्रपोजल लिहिते, एखादं काम मिळतं. हरलेल्या चार प्रपोजलांचे तास जिंकलेल्या गिऱ्हाइकाच्या रेटमध्ये मिसळलेले असतात, त्याच्या इन्व्हॉइसवर ती ओळ कधीच दिसत नाही. दुरुस्तीच्या दुकानात तर आणखी एक गंमत आहे. गाडीवर कर्ज नसेल, तर इन्शुरन्सचा चेक घेऊन दुरुस्ती न करणारेही लोक असतात. त्यात बेकायदा काही नाही, पैसा त्यांचा आहे. पण त्यांना दुकानातून हवा असतो तो कागद, दुरुस्ती नव्हे. त्या कागदावर त्यांना दोन-तीन हजार डॉलर्स मिळतात आणि तो बनवणाऱ्याला "थँक यू".

तरीही माझा मुख्य आक्षेप पैशाबद्दल नाही, तो नजरेबद्दल आहे. डार्बी आणि कार्नी ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली एका लेखात असं मांडलं की काही सेवांचा दर्जा आपल्याला विकत घेतल्यानंतरही कळत नाही, त्या विश्वासावरच घ्याव्या लागतात. शस्त्रक्रिया आणि गाडीची दुरुस्ती ही त्याची अगदी ठळक उदाहरणं. अशा ठिकाणी रोग सांगणारा आणि औषध विकणारा एकच माणूस असतो. रोग सांगण्याचे त्याला काहीच मिळत नसेल, तर त्याची सगळी कमाई रोग सापडण्यावरच उभी राहते. तो माणूस लबाड असायलाच हवा असं नाही. माझ्या छपरावर चढणारी मुलंही बिचारी सज्जनच असतील, पण ठीक असलेलं छप्पर त्यांच्या पोटाला परवडत नाही.

वैद्याकडे, ज्योतिषाकडे, गुरूकडे रिकाम्या हाताने जाऊ नये असं आपल्याकडे जुनी माणसं सांगायची. लहानपणी मला तो फक्त मान राखण्याचा भाग वाटायचा. आता वाटतं त्यात व्यवहारही होता. नारळ आणि सव्वा रुपया ठेवला की निदान "काही झालेलं नाही, घरी जा" असं सांगण्याची सोय त्या माणसाला मिळते. भारतात ठरावीक रकमेपुढच्या वाहनविम्याच्या दाव्याला परवानाधारक सर्व्हेअर लागतो. त्याची फी विमा कंपनी देते आणि गॅरेज वेगळं असतं. त्या पद्धतीतही भानगडी होतात, पण बघणारा वेगळा आणि दुरुस्त करणारा वेगळा, ही कल्पना मला पटते.

इथे मित्रांपैकी एकाने मला पुण्यात खेचलं. म्हणाला, "अरे, आपले गॅरेजवाले कुठे पैसे घ्यायचे बघण्याचे?" खरं आहे. बाबांची चेतक सुरू होईना की आडवी करून बघायची, तरी नाही झाली तर ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजात न्यायची. गॅरेजवाले काका किक मारून, कान लावून सांगायचे, "प्लग बदला, बाकी काही नाही," किंवा "नाना पेठेतून अमुक पार्ट घेऊन या." बघण्याचे पैसे त्यांनी कधी मागितले नाहीत. पण मागच्या वर्षी त्यांनीच इंजिन उघडलेलं असायचं आणि पुढच्या वर्षी आम्हीच परत येणार हे त्यांना ठाऊक असायचं. खोटं सांगितलं असतं तर आठवड्याभरात गल्लीभर झालं असतं. ते बघणं वीस वर्षांच्या हिशेबातलं होतं.

फ्रिस्कोत तो हिशेब कुठून आणायचा? २००० च्या जनगणनेत ह्या गावात जेमतेम ३४ हजार माणसं होती, २०२० मध्ये दोन लाखांवर गेली. म्हणजे बहुतेक सगळे नवे, मेकॅनिकही नवा आणि गिऱ्हाईकही. पुण्यातल्या फुकट बघण्यामागे ओळख होती. इथे तीच प्रथा ओळखीशिवाय आली की तिचं गळाला लावलेलं आमिष होतं. म्हणून अनोळखी माणसाने सरळ "माझ्या वेळेचे इतके" म्हणावं हे मला अधिक स्वच्छ वाटतं.

मात्र ह्यात एक पळवाट आहे आणि ती मला अजिबात आवडत नाही. बरीच दुकानं म्हणतात, "दुरुस्ती आमच्याकडे केलीत तर एस्टिमेटची फी बिलातून वजा." ऐकायला गोड आहे. पण ज्या कारणासाठी फी घ्यायची, म्हणजे बघणाऱ्याची नजर कामाच्या आशेपासून मोकळी राहावी, तेच कारण इथे निकालात निघतं. वर गिऱ्हाइकाचे सव्वाशे डॉलर्स अडकलेले. त्याची गाडी उघडलेली, सुटे भाग खोक्यात. तो दुसरीकडे जाणार कसा? टेक्ससमध्ये इन्शुरन्स कंपनी तुम्हाला अमुकच दुकानात जा अशी सक्ती करू शकत नाही, निवड तुमची. ती निवड सव्वाशे डॉलर्सच्या दोरीने बांधून घेणं बरं नव्हे. फी घ्यायची तर ती घ्यावी आणि विसरावी. आकडा गाडीला हात लावण्याआधी सांगावा. आणि जो कागद होईल तो मोजमापांसकट गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा, कारण त्याने तो विकत घेतलेला आहे.

मुलाने शेवटी तिसऱ्या दुकानात पैसे भरले. (निम्मे मी दिले, हे त्याच्या आईला माहीत नाही.) दोन्ही फोर्क वाकलेले निघाले, आणि बेअरिंग जिथे बसते तिथे फ्रेमलाही मार होता. पहिल्या दुकानाच्या फुकट कागदावर प्लॅस्टिक आणि आरसा एवढंच होतं. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावापेक्षा जास्त झाला की टेक्ससच्या कायद्याप्रमाणे ती गाडी 'सॅल्व्हेज' ठरते, तशी ही ठरली. मेकॅनिकने सांगितलं, "मी ही दुरुस्त करणार नाही, आणि तू ती टोलवेवर नेऊ नकोस." त्याला ह्यातून सव्वाशेच्या वर एक सेंटही मिळणार नव्हता.

आमच्या वादातला एक मुद्दा मात्र मला अजून खोडता आलेला नाही. ज्याच्याकडे सव्वाशे डॉलर्स नाहीत त्याने काय करायचं? दुसऱ्याने ठोकलं असेल तर माझ्या मते नुकसान सिद्ध करण्याचा खर्चही ठोकणाऱ्याच्याच डोक्यावर जायला हवा. मुलाने पावती इन्शुरन्सला पाठवली. आधी नकार आला, दोन ईमेलनंतर रक्कम भरपाईत धरली गेली. पण एखादा विद्यार्थी पावसात स्वतःच घसरून पडला, विमा फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा, तर पावती पाठवायची कुणाला? अशा मुलाला दुकानदाराने पाच मिनिटं उभ्या-उभ्या बघून "पुढे खर्च करण्यात अर्थ आहे की नाही" एवढं तरी फुकट सांगावं असं मला वाटतं. आमच्या त्या तिसऱ्या दुकानदाराला मी हे विचारलं. तो म्हणाला, "पाच मिनिटांत जे दिसतं ते मी सांगतोच. पण ते कागदावर लिहून मागू नका."