८१ मीटरांचा शेजार

मॉरिशसमध्ये शनिवारी संध्याकाळीच घराघरांत बिर्याणीची तयारी सुरू होते. रविवारी सकाळी गावागावांतून भाड्याच्या बसगाड्या निघतात. आजीपासून तान्ह्या पोरापर्यंत अख्खी वस्ती आत, मांडीवर पातेली, पायाशी बर्फाचे डबे. फ्लिक-आँ-फ्लाक, मों-श्वाझी, बेल-मार, ब्लू बे अशा किनाऱ्यांवर सुरूच्या झाडांना ताडपत्र्या बांधल्या जातात आणि दिवस मावळेपर्यंत मुक्काम तिथेच असतो. नोकरीच्या परवान्यावर इथे राहायला आलेल्या माझ्यासारख्या माणसाला या बेटाने काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी आधी हा रविवार सांगेन आणि लगेच त्याच्यामागचा एक जुना कायदा.

बेट फ्रेंचांकडे होतं तेव्हा, १८०७ मध्ये, गव्हर्नर दकाँ याच्या हुकुमाने किनाऱ्यालगतचा पट्टा राज्याच्या मालकीचा ठरला. ‘पा झेओमेत्रिक’ हे त्याचं नाव. भरतीच्या रेषेपासून आत किमान ८१.२१ मीटर. हेतू बेटाच्या संरक्षणाचा होता, सहलीचा नव्हे. १८१० मध्ये इंग्रज आले, १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला, तरी हा पट्टा राज्याकडेच राहिला. तो विकता येत नाही, फार तर भाडेपट्ट्याने देता येतो. भरतीरेषेखालची ओली वाळू तर कुणाच्याच कुंपणात जात नाही. महागड्या हॉटेलासमोरूनही कुणीही चालत जाऊ शकतो.

परक्या देशात राहणाऱ्याला या कायद्याचं मोल चटकन कळतं. कुणाच्या घरी गेलो की आपण पाहुणे. यजमान कितीही प्रेमळ असला तरी त्याच्या घराची रीत सांभाळावी लागते, उठण्याची वेळ ओळखावी लागते, आणि परतीचं आमंत्रण मनात हिशेबासारखं राहतं. किनाऱ्यावर यजमानच नसतो. शेजारच्या ताडपत्रीखालच्या बाई आपल्या पातेल्यातली बिर्याणी पुढे करतात, त्यांच्या पोरांना आपल्याकडच्या पुऱ्या आवडतात, आणि या देवघेवीत कुणी कुणाचं मिंधं होत नाही. दालपुरी, फराटा, मोहरी लावलेलं भाज्यांचं लोणचं, डाळीचे मिरची घातलेले छोटे वडे, त्यांच्या शेजारी चिनी पद्धतीच्या नूडल्स. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, चिनी वंशाचे, सगळ्यांची पोरं एकाच उथळ पाण्यात असतात. बाहेर प्रवाळाची भिंत मोठ्या लाटा अडवते, म्हणून आया निर्धास्त.

दुपार कलली की राव्हान बाहेर निघतो. बकऱ्याचं कातडं ताणून केलेलं हे मोठं, पसरट वाद्य. वाजवण्याआधी ते जाळावर शेकतात, म्हणजे कातडं ताठ होतं. मग सेगा. नाचणाऱ्याची पावलं वाळूवरून फारशी उचलली जात नाहीत, ती सरकतात. हालतं ते कमरेपासून वरचं अंग. मळ्यांवरच्या गुलामांनी घडवलेलं हे गाणं-नाचणं. गुलामगिरी इथे १८३५ मध्ये संपली आणि २०१४ मध्ये पारंपरिक सेग्याला युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. ज्यांना स्वतःचं असं काहीच ठेवू दिलं नव्हतं, त्यांची ही कला आज साऱ्या बेटाची आहे. मला बोलावलं की मीही नाचतो, आणि तो मान समजतो.

मराठी माणसाला इथे आणखी एक ओळख भेटते. १८३४ पासून सुमारे साडेचार लाख गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर, या बेटावर आले. त्यांत मुंबई बंदरातून निघालेले कोकणातले लोकही होते. त्यांच्या वंशजांच्या घरात आज बहुधा क्रिओल बोलली जाते, पण गणेशचतुर्थीला देशभर सुट्टी असते, झाकरी नाचत गणपती पाण्याकडे नेला जातो, आणि त्या नाचात आपली जाखडी ओळखू येते. आपण काल आलो, ही माणसं कित्येक पिढ्यांपूर्वी. तेव्हा या समुद्रावर आपला वेगळा हक्क सांगायची इच्छाच उरत नाही.

दुखणं आहे ते पुढे. किनाऱ्याचा मोठा भाग हॉटेलांना आणि बंगल्यांना भाडेपट्ट्याने गेलेला आहे. २००२ पासून परदेशी माणसांना खास योजनांतून घरं घेता येतात. आज ३,७५,००० डॉलरच्या घराबरोबर राहण्याचा परवानाही मिळतो. अशा वसाहतींमध्ये संध्याकाळचे मेळावे सुंदर असतात, माणसंही भली असतात. एकट्या पडलेल्या परदेशस्थाला त्यांचा केवढा आधार वाटतो हे मी अनुभवलं आहे, त्यामुळे त्यांना नावं ठेवणार नाही. पण फाटकाआड भरणारा मेळावा बसमधून आलेल्या कुटुंबाला जागा देत नाही, आणि प्रत्येक नव्या फाटकासरशी सार्वजनिक वाळू थोडी आखडते. इथले कार्यकर्ते याविरुद्ध वर्षानुवर्षं बोलताहेत. त्यांचं म्हणणं आमच्याविषयी आहे, आमच्या पैशाविषयी आहे, आणि ते खरं आहे.

किनारा सर्वांचा असला की काय होतं ते २०२० मध्ये दिसलं. २५ जुलैला ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज प्वांत-देस्नीजवळ प्रवाळावर चढलं, ६ ऑगस्टला तेल सुटलं. सुमारे हजार टन. माएबूरच्या किनाऱ्यावर हजारो माणसं जमली आणि उसाचं पाचट कापडात भरून तरंगते अडसर शिवत बसली. सरकारने घरी थांबा सांगितलं तरी लोक थांबले नाहीत. रविवारी जिथे जेवायचं तिथेच हे काम चाललं होतं. माझ्या लेखी ते त्याच रविवारांचं फळ: ज्या वाळूवर पोरं वाढली, तिच्यासाठी कुणाला आमंत्रण लागलं नाही.

कोकणातल्या वाचकाने हे जरूर वाचावं. आपल्याकडे १९९१ पासून किनारा नियमन आहे. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यांवरची बांधकामबंदी २०० मीटरांवरून ५० वर आणली. चर्चा होते ती बांधकामाची. बसायच्या, जेवायच्या, नाचायच्या हक्काचं क्वचितच कुणी बोलतं.

इथे नव्याने येणारे मराठी लोक मला घर कुठे बघावं विचारतात. समुद्र दिसणाऱ्या घरापेक्षा बसथांब्याजवळचं घ्या, असं मी सांगतो. आणि पातेलं मोठं आणा. घरच्यांपुरतं पुरत नाही.